मेणकागद की बेकिंग पेपर: रोजच्या ओट्यावर कोणता ठेवावा?

घरात ओव्हन आला की मागोमाग बेकिंग पेपरचा रोल येतो. मग तोच रोल डब्याला, थालीपिठाला, फ्रीझरमधल्या कटलेटला वापरला जातो आणि मेणकागदाची कुणाला आठवणही होत नाही. आमच्याकडेही बराच काळ तसंच चाललं होतं. आता मात्र ओट्याखालच्या पहिल्या खणात मेणकागद असतो आणि बेकिंग पेपर वरच्या फळीवर, केकच्या भांड्यांशेजारी. दोन्हींना घरात जागा आहे. पण एकच घ्यायचा असेल तर कोणता, हे ज्यांना ठरवायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी खरेदीचं बोलू, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. दुकानात नुसतं ‘बटर पेपर द्या’ म्हटलं तर तीनपैकी काहीही हातात पडू शकतं: साधा तेलरोधक कागद, सिलिकॉनचा थर दिलेला बेकिंग पेपर किंवा मेणकागद. घरी आणल्यावर ओळखणं सोपं आहे. नखाने हलका ओरखडा ओढा. पांढरी रेघ उठली आणि नखात थोडं मेण आलं, तर तो मेणकागद. ओरखडा उठत नाही, पण पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो, तर तो सिलिकॉनचा. थेंब पडताच कागद सुरकुतला, तर तो साधा. हा साधा कागद तेलाला दाद देत नाही, पण पाण्यापुढे टिकत नाही. ओल्या हाताने त्यावर थालीपीठ थापलं की खालून फाटतो. स्टेशनरीच्या दुकानात चित्रकलेसाठी मिळणारा बटर पेपर तर अन्नासाठी बनवलेलाच नसतो, तो स्वयंपाकघरात आणूच नये.

मेणकागदाला पाणी आणि गार तेल दोन्ही चालतं, फक्त उष्णता चालत नाही. त्यावरचं पॅराफिन मेण साधारण ५० ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतं. उलट सिलिकॉनचा कागद २०० अंशांच्या पुढेही टिकतो. बहुतेक खोक्यांवर त्याची मर्यादा छापलेली असते. एवढंच पाहिलं तर बेकिंग पेपर सरळ सरळ वरचढ दिसतो आणि बहुतेक लोक तिथेच निर्णय घेऊन मोकळे होतात. पण दिवसभरात आपण ओट्यावर कागद कशाकशाला वापरतो हे जरा आठवून पाहा. त्यातली बरीचशी कामं गार असतात.

चकलीचंच घ्या. भाजणी चांगली मळलेली आहे, सोऱ्याला काटेरी ताटली लावली आहे, कढईत तेल तापत आलं आहे. तळहाताएवढे चौकोनी तुकडे कापून ओट्यावर मांडायचे, प्रत्येकावर एक चकली पाडायची, शेवटचं टोक बोटाने दाबून टाकायचं. मग कागद उचलून तळहातावर उपडा करायचा आणि चकली अलगद कढईच्या कडेने तेलात सोडायची. मेणकागदावरून ती वळसा न मोडता सुटते. तेवढाच तुकडा फडक्याने पुसून पुन्हा मांडता येतो आणि घाणा संपेपर्यंत तेच तुकडे पुरतात. कागदाचा कोपरा तेवढा तेलात बुडू द्यायचा नाही.

हेच बेकिंग पेपरवर करायला गेलं की माझा जीव मेटाकुटीला यायचा. चिकटण्याची तक्रार नाही, चकली त्यावरूनही सहज सुटते. तक्रार आहे ती कागद वळण्याची. अरुंद नळीवर घट्ट गुंडाळलेला तो कागद जरा ताठ असतो, तुकडा कापला की दोन्ही टोकं वर उचलली जातात. एका हातात सोऱ्या, दुसऱ्याने कागद दाबून धरायचा. हात काढला की कोपरा उठतो, ताज्या चकलीला लागतो आणि बाहेरचा वळसा मोडतो. मोठ्या तुकड्यावर कडेला वाटी, लाटणं असं काहीतरी वजन ठेवता येतं. तळहाताएवढ्या तुकड्यावर चकली मावली की वजन ठेवायला जागाच उरत नाही.

यावर उपाय आहेत आणि मी ते करून पाहिले आहेत. कागद चुरगाळून पुन्हा पसरला तर बराच सपाट बसतो. उलट्या बाजूने गुंडाळी करून थोडा वेळ ठेवला तरी फरक पडतो. खाली तुपाचं बोट लावलं की ट्रेला घट्ट धरतो. केकसाठी हे सगळं ठीक आहे, कारण तिथे एकदाच कागद लावायचा असतो आणि वर पीठ ओतलं की तो वजनानेच बसतो. पण सकाळी डब्याच्या गडबडीत किंवा पिठाने हात भरलेले असताना प्रत्येक तुकड्याची अशी मनधरणी करणं मला जमत नाही. मेणकागदही रोलमधून आला तर थोडा वळतो, पण तो मऊ असतो. मधोमध एक घडी घालून उघडला की सपाट पडून राहतो.

घडी धरून ठेवण्याचा हा गुण डब्यातही उपयोगी पडतो. पोळीत भाजी भरून केलेली गुंडाळी मेणकागदात बांधली, खालचं टोक आत दुमडलं, की ती दुपारपर्यंत तशीच राहते. रबर नको, चिकटपट्टी नको. मुलांना वरून थोडा थोडा कागद सोलत खाता येतं. बेकिंग पेपरमध्ये बांधलेली गुंडाळी दप्तरातच उलगडायला लागते. फॉइल घडी छान धरतं, पण त्यात गरम पोळीची वाफ आतल्या आत पाणी होऊन पोळी ओलसर होते, निदान आमच्याकडे तरी होते. शिवाय लिंबू, चिंच, टोमॅटो, लोणचं असं आंबट काही असेल तर मी ते अॅल्युमिनियमला लागू देत नाही, कारण आंबटाने तो धातू अन्नात उतरतो. मेणकागदाची अट एकच: पोळी तव्यावरून थेट त्यात बांधायची नाही. जाळीवर निवू द्यायची आणि हाताला कोमट लागली की मग गुंडाळायची.

थालीपिठात मात्र बेकिंग पेपर थोडा पुढे आहे, हे मान्य करायला हवं. ओल्या पिठाच्या वजनाने तो दबून राहतो, त्यामुळे वळण्याचा त्रास इथे होत नाही. कागदासकट थालीपीठ तव्यावर उलटं टाकून, क्षणभर थांबून कागद सोलता येतो. मेणकागदावर थापलेलं थालीपीठ आधी तळहातावर घेऊन मग तव्यावर सोडावं लागतं. ज्यांना भाकरी हातावर घ्यायची सवय आहे त्यांना यात काही वाटणार नाही. ज्यांना नाही, त्यांचं थालीपीठ सुरुवातीला मधल्या भोकापाशी फाटू शकतं. आणि खरं सांगायचं तर या कामात दोघांचाही जुना प्रतिस्पर्धी म्हणजे धुऊन कापलेली दुधाची पिशवी. ती चांगलीच चालते, फक्त तापलेल्या तव्याला टेकली की आक्रसते. म्हणून मी ती सोडली.

फ्रीझरमध्ये दोघेही सारखेच. कटलेट, अर्धवट भाजलेले पराठे, मोदकांच्या पाऱ्या यांच्यामध्ये एकेक तुकडा घातला की हवे तेवढेच सुटे निघतात. मी इथे मेणकागद घालतो, कारण तो पातळ आहे आणि मला स्वस्त पडतो.

बेकिंग पेपरचा ज्यांच्याशी काहीच संबंध नाही अशी काही कामं मेणकागद मुकाट्याने करतो. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं आणि डब्याच्या तळाशी काकवीसारखं तळं साचतं. ढेप फोडून खडे मेणकागदात बांधून डब्यात ठेवले तर हवेतली ओल बरीच कमी लागते. गूळ अगदी कोरडा राहतो असं म्हणणार नाही, पण आषाढ-श्रावणात निभावतो. लोणच्याच्या बरणीला पत्र्याचं झाकण असेल तर मीठ आणि आंबटाने ते आतून गंजतं. बरणीच्या तोंडाएवढी मेणकागदाची चकती कापून झाकणाखाली ठेवावी, खराब झाली की बदलावी. चीजचा उघडलेला तुकडा प्लास्टिकमध्ये घामेजतो, मेणकागदात जरा मोकळा राहतो. आणि वापरून झालेला, पण स्वच्छ असलेला तुकडा लाकडी ड्रॉवरच्या कडांवर घासला तर अडकलेला ड्रॉवर सरकायला लागतो.

पार्ले-जीचा पुडा मेणकागदाच्या वेष्टनात यायचा तो काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही. तो रिकामा कागद घरात कुणी लगेच टाकत नसे.

आता जिथे मेणकागद वापरूच नये ती कामं, कारण ती माहीत नसतील तर माझ्या सांगण्यावरून तुमचा पदार्थ बिघडेल. नानकटाई, बिस्किटं, केकचा ट्रे इथे नेहमी बेकिंग पेपरच. ओव्हनमध्ये उघड्या राहिलेल्या मेणकागदावरचं मेण वितळतं आणि धुराचा वास सगळ्या भट्टीला लागतो. तिळाची वडी आणि चिक्की यांचा गुळाचा पाक शंभर अंशांच्या वर असतो. तो मेणकागदावर ओतला तर मेण वडीच्या पोटाला लागतं आणि कागद तिथेच अडकतो. त्यासाठी बेकिंग पेपर घ्या किंवा आपली तूप लावलेली थाळी, तिच्यासारखं दुसरं काही नाही. नारळाची वडी थोडी निवल्यावर थापणार असाल तरी मी थाळीच पसंत करतो. कढईतून काढलेले वडे-भजी तर दोन्हींवर ठेवू नयेत. तेल टिपायचं काम यांचं नाही, आणि मेणकागदावर गरम तेल पडलं की मेणच उतरतं. वर्तमानपत्रही नको. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्न वर्तमानपत्रात बांधायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत मनाईच आहे. तळणासाठी स्टीलची जाळी किंवा टिश्यू पेपर बरा.

मायक्रोवेव्हचं विचारलं जातं. वाटीवर सैल झाकून वरण-भात गरम करायला मेणकागद चालतो. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या सूचनांतही तो चालणाऱ्या वस्तूंमध्ये आहे. शिंतोडे उडत नाहीत आणि वाफेला वाट राहते. तुपकट किंवा गोड पदार्थ पाण्यापेक्षा जास्त तापतात, म्हणून शिरा, पुरण, तर्रीचा रस्सा यांच्याशी कागदाचा स्पर्श मी टाळतो. बेकिंग पेपरला ही काळजी नाही.

कचऱ्याच्या बाबतीत दोघांपैकी कुणालाच पूर्ण गुण देता येत नाहीत. पॅराफिन हे खनिज तेलातून निघतं, त्यामुळे तसा मेणकागद गच्चीवरच्या खताच्या टोपलीत मी टाकत नाही. सिलिकॉनचा कागदही रद्दीत जात नाही. दोन्ही सुक्या कचऱ्यात. सोयाबीनच्या किंवा मधमाशीच्या मेणाचे कागद मिळतात, ते या बाबतीत बरे आहेत, पण महाग असतात. बेकिंग पेपर एकाच ट्रेला तीन-चार वेळा लावता येतो. मेणकागद गार पाण्याच्या फडक्याने पुसून पुन्हा वापरता येतो, फक्त कच्चं मांस-मासे ठेवलेला असेल तर नाही.

तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा ओव्हन लावत असाल तर बेकिंग पेपर घ्या, त्यात वाद नाही. ओव्हन नसेल किंवा तो नाताळ आणि वाढदिवसापुरताच लागत असेल, आणि घरात रोज डबे भरले जात असतील, तर माझं मत मेणकागदाकडे झुकतं. सगळ्यांची काम करायची पद्धत सारखी नसते, आणि तो वळणारा कोपरा तुम्हाला माझ्याइतका छळणारही नाही कदाचित.

घ्यायचा ठरलाच तर रोलऐवजी सपाट ताव मिळतात का ते पाहा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास, पुण्यात बोहरी आळीत पॅकिंगच्या सामानाच्या दुकानांत विचारावं. पाकिटावर अन्नासाठी योग्य असल्याचं लिहिलं आहे ना, तेवढं वाचून घ्या. घरी आणल्यावर एका तावाचे चार, काहींचे आठ तुकडे कापून चपट्या डब्यात भरून ठेवावेत आणि तो डबा शेगडीपासून लांब ठेवावा. एप्रिल-मेमध्ये शेगडीशेजारच्या खणात ठेवलेले ताव एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना त्यांचं मेण निघून येतं.