कामांच्या जागेचं नियोजन वेळापत्रकात: काही महिन्यांच्या वापरानंतर

बहुमजली इमारतीच्या आतल्या कामांचं वेळापत्रक आम्ही गेले काही महिने जागेसकट करतो आहोत. प्रत्येक कामापुढे तारखा असतातच. आता ते काम कोणती जागा अडवणार हेही ठरवतो आणि ती जागा त्रिमितीय मॉडेलमध्ये पारदर्शक ठोकळा म्हणून मांडतो. तारीख सरकली की ठोकळा सरकतो. एकाच वेळी दोन ठोकळे एकमेकांत घुसले की सॉफ्टवेअर दाखवून देतं.

या पद्धतीमागचा विचार जुना आहे. अकिन्जी, फिशर आणि कुंझ या संशोधकांनी २००२ मध्ये कामाला लागणाऱ्या जागांचे प्रकार मांडले: बांधला जाणारा भाग, माणसं, यंत्रं, परांचीसारखी तात्पुरती रचना, धोक्याची जागा आणि जपायची जागा (झालेलं काम खराब होऊ नये म्हणून राखलेली). पहिल्या चारांचा विचार कुठलाही जाणता मुकादम करतोच. खरा फायदा झाला तो शेवटच्या दोनांमुळे.

एका कॉरिडॉरचं उदाहरण देतो. छताला हवा नेणारा डक्ट, खाली फरशी. वेळापत्रकाच्या बार चार्टवर या दोन वेगळ्या ओळी, एकमेकींवर न अवलंबणाऱ्या. डिझाइनची क्लॅश तपासणीही (मॉडेलमधले भाग एकमेकांवर आदळतात का, याची) स्वच्छ, कारण ती पूर्ण झालेला डक्ट आणि पूर्ण झालेली फरशी एवढंच ताडून पाहते. पण डक्ट बसवणारी माणसं सिझर लिफ्टवर, म्हणजे वर-खाली होणाऱ्या चाकांच्या फलाटावर असतात, लिफ्ट जमिनीवर उभी असते आणि वरून काही निसटलं तर खालचा सगळा पट्टा धोक्यात येतो. नुकत्याच बसवलेल्या फरशीवर तर लिफ्टचं चाक येताच कामा नये. धोक्याचा आणि जपायचा असे हे दोन ठोकळे काढल्याबरोबर टक्कर समोर आली आणि फरशीचं काम आम्ही पुढे ढकललं. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी ही पद्धत पुन्हा वापरेन.

त्रास मात्र आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक टक्कर सारख्याच लाल रंगात दाखवतं. दोन टोळ्यांच्या जागा अर्धा मीटर एकमेकींत आल्या, तर मुकादम आपसात ठरवतात. वर काम चालू असताना खाली माणूस असेल, तर तिथे तडजोड नाही. म्हणून यादी आली की आधी धोका, मग केलेल्या कामाचं नुकसान, मग नुसती गर्दी, अशी विभागणी आम्ही हाताने करतो. ती केली नाही, तर आठवड्याभरात कोणी यादी उघडतही नाही.

दुसरी अडचण ठोकळ्याच्या आकाराची. प्लास्टरला अख्खा मजला दिला, तर तो प्रत्येक कामावर आदळतो, पण टोळी त्या दिवशी एका कोपऱ्यातच असते. फार बारीक तुकडे केले, तर मॉडेल अद्ययावत ठेवण्यातच दिवस जातो. एक टोळी एक-दोन दिवसांत उरकेल एवढा तुकडा आम्हाला मानवला. ठोकळ्यांची मापं मात्र टेबलावर बसून ठरवू नका. गवंड्याला परांचीवर माल घेऊन वळायला किती जागा लागते, हे त्यालाच विचारा.

साप्ताहिक बैठकीत याचा उपयोग सर्वात जास्त होतो. बांधकाम व्यवस्थापनाचे संशोधक लाउरी कोस्केला यांनी १९९९ मध्ये काम सुरू व्हायला लागणाऱ्या सात गोष्टी सांगितल्या: डिझाइन, साहित्य, माणसं, यंत्रं, जागा, आधीचं काम आणि बाहेरची परिस्थिती. बैठकीत बाकीच्या सहांची चौकशी पूर्वीही व्हायची, पण ‘फ्रंट मोकळा आहे’, म्हणजे कामाची जागा रिकामी आहे, हे कोणीतरी सांगायचं आणि बाकीचे ऐकायचे. आता पडद्यावर दिसतं.

येण्या-जाण्याच्या वाटा हा अजूनही कच्चा दुवा आहे. वाटेत ठेवलेली भिंतीच्या ब्लॉकची रास रोज कमी होते, पण मॉडेलमधला तिचा ठोकळा तेवढाच राहतो. वाट कुठल्याच कामाची नसल्यामुळे ती मॉडेलमध्ये आपोआप येत नाही. मजल्यावर येण्याच्या लिफ्टपासून प्रत्येक भागापर्यंतची वाट आम्ही स्वतंत्र काम म्हणून वेळापत्रकात घालतो आणि तिच्यात काही घुसलं की ते धोक्याइतकंच गंभीर धरतो.

एकाच टोळीचं लहान, मोकळं काम असेल, तर या सगळ्याची गरज नाही. मजल्याच्या नकाशावर रंगीत पेन्सिलींनी आठवड्याच्या जागा रंगवल्या तरी पुरतं. एका मजल्यावर चार-पाच टोळ्या एकदम शिरणार असतील, तिथे मात्र आतली कामं सुरू होण्याआधीच ठोकळे मांडा.