कास्क स्ट्रेंथ व्हिस्कीच्या पाच बाटल्या, आठ महिन्यांनंतर

‘कास्क स्ट्रेंथ’ या शब्दांचा अर्थ साधा आहे. पिंपातून काढलेली व्हिस्की बाटलीत भरताना तिच्यात पाणी घालून तिचा मद्यार्क 40, 43 किंवा 46 टक्क्यांवर आणलेला नसतो. ती जवळपास पिंपात होती तशीच, बहुधा 55 ते 63 टक्क्यांच्या दरम्यान, आपल्या हाती येते. इतर व्हिस्कींमध्ये जे पाणी कारखान्यात पडते, ते इथे आपण घालायचे असते. गेल्या आठ महिन्यांत अशा पाच व्हिस्की मी नियमाने चाखल्या, प्रत्येक वेळची नोंद वहीत केली आणि मधल्या काळात एका टेस्टिंग डिनरलाही गेले. त्या संध्याकाळी जिला मी निःशंकपणे पहिले स्थान दिले होते, ती बाटली आज माझ्या यादीत चौथी आहे. असे का झाले, तेच मुख्यतः इथे सांगायचे आहे.

बाटल्या निवडताना एकमेकींपासून दूरच्या निवडल्या: ग्लेनफार्क्लस 105, ॲबरलोर अबुना, लाफ्रॉइग 10 कास्क स्ट्रेंथ, अमृत कास्क स्ट्रेंथ आणि अमेरिकेची बुकर्स बर्बन (मुख्यतः मक्यापासूनची व्हिस्की). आठवड्यातून दोनच दिवस, एका वेळी एकच व्हिस्की आणि ती 20 मिलिलिटरच, असा नियम ठेवला. हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण 60 टक्क्यांच्या 20 मिलिलिटरमध्ये 40 टक्क्यांच्या 30 मिलिलिटरइतका मद्यार्क असतो, हे विसरून नेहमीच्या अंदाजाने ओतले तर दुसऱ्या पेल्यापर्यंत जिभेचा आणि निर्णयाचा दोघांचाही भरवसा राहत नाही.

पेला मधे फुगीर आणि तोंडाशी निमुळता घ्यावा. मात्र एवढ्या तीव्र व्हिस्कीत नाक एकदम आत घातले तर मद्यार्काची झळ बसून पुढची काही मिनिटे दुसरा कोणताही वास लागत नाही. पेला हनुवटीपासून हळूहळू वर आणायचा, ओठ किंचित उघडे ठेवायचे आणि वास आपल्यापर्यंत येऊ द्यायचा. हे अंगवळणी पडायला मला तीन आठवडे लागले.

खरा कस पाण्यात लागतो. हिशेब सोपा आहे: 60 टक्क्यांच्या 20 मिलिलिटरमध्ये 4 मिलिलिटर पाणी घातले की ती ढोबळमानाने 50 टक्क्यांवर येते आणि 10 मिलिलिटर घातले की 40 वर. मी ड्रॉपरने एकेक मिलिलिटर घालत गेले. पहिला थेंब पडताना पेला उजेडासमोर धरून पाहावा. तो लगेच मिसळत नाही. त्याच्याभोवती काचेसारख्या पारदर्शक, नागमोडी रेषा उठतात, खाली उतरत जातात आणि काही क्षणांनी विरतात. पाणी आणि मद्यार्क मिसळताना थोडी उष्णताही निर्माण होते, त्यामुळे पाणी घातल्याबरोबर घोट न घेता मी दोनतीन मिनिटे थांबू लागले आणि माझ्या नोंदींत त्यामुळे स्पष्ट फरक पडला. गार न करता गाळलेली व्हिस्की पुरेशी पातळ झाली की किंचित धूसरही होते. पिंपातून आणि धान्यातून आलेली स्निग्ध संयुगे कमी मद्यार्कात विरघळून राहू शकत नाहीत, एवढेच त्याचे कारण. तो दोष नव्हे.

पाण्याने वास का उमलतो, याचे एक उत्तर स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी 2017 मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे मांडले. धुरकट वासाशी संबंधित असलेला ग्वायाकोलचा रेणू मद्यार्क जास्त असताना त्याच्यातच वेढलेला राहतो, आणि प्रमाण 45 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आले की द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो, असे त्यांना आढळले. लाफ्रॉइगच्या बाबतीत माझ्या नाकाने नेमकी हीच साक्ष दिली.

आता एकेका बाटलीविषयी. ग्लेनफार्क्लस 105 मधला आकडा ‘प्रूफ’ या मद्यार्क मोजण्याच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीचा आहे. त्या मोजणीत 100 म्हणजे साधारण 57.1 टक्के, म्हणून 105 म्हणजे 60. ही व्हिस्की 1968 पासूनची आहे आणि तिची तीव्रता ठरलेली असल्यामुळे ती हातात धरली की काय मिळणार याचा अंदाज असतो. सुके अंजीर, साल न काढलेला बदाम आणि शेवटी दालचिनीसारखी कोरडी ऊब असा तिचा क्रम आठ महिने जवळजवळ तसाच राहिला. अबुनाचे याच्या उलट आहे. 1997 मध्ये आलेली ही व्हिस्की ओलोरोसो शेरीच्या (स्पेनमधल्या एका तीव्र वाइनच्या) पिंपांत मुरते, प्रत्येक खेपेला क्रमांक असतो आणि खेपेगणिक तीव्रता व चव बदलते. पाण्याशिवाय ती विलक्षण आहे: काळ्या मनुका, संत्र्याची साल, गडद चॉकलेट, सगळे एकाच वेळी तोंडात भरते. परंतु 50 टक्क्यांच्या खाली नेली की माझ्या बाटलीतला गोडवा आधी ओसरायचा आणि लाकडाचा तुरटपणा मागे उरायचा. मला ही उणीव मोठी वाटते, कारण ज्या व्हिस्कीत पाणी घालायचा अधिकार आपल्याला दिला आहे, तिने तो पेलायलाही हवा.

अमृतचा मद्यार्क 61.8 टक्के आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के व्हिस्की हवेत विरते. बंगळूरच्या उष्णतेत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट असते, म्हणून तिथे लाकूड फार लवकर चवीत उतरते. पहिल्या महिन्यात ती मला उग्र वाटली होती, हे वहीत स्पष्ट लिहिलेले आहे. साधारण 5 मिलिलिटर पाण्यावर मात्र सातूचा खमंगपणा आणि पिकलेल्या फळाचा वास असा काही वर येतो की पहिले मत मला मागे घ्यावे लागले. बुकर्सचा पाया नव्या जाळलेल्या ओक पिंपांचा आहे, त्यामुळे व्हॅनिला आणि भाजलेल्या शेंगदाण्याची चव ठळक आहे. ती चांगली आहे. माझ्या आवडीची नाही.

टेस्टिंग डिनर चौथ्या महिन्यात होते. पाच पदार्थ, पाच कास्क स्ट्रेंथ व्हिस्की, प्रत्येकी 15 मिलिलिटर. सरासरी 60 टक्के धरले तरी एकूण मद्यार्क 40 टक्क्यांच्या 112 मिलिलिटरएवढा होतो, आणि हा हिशेब जाण्यापूर्वी केला असल्यामुळे मी प्रत्येक पेल्यातला निम्माच भाग घेतला. आयोजकांनी पाणी, ड्रॉपर आणि बिनमिठाचे पावाचे तुकडे ठेवले होते, ही समज कौतुकास्पद होती. क्रम मात्र चुकला. धुरकट व्हिस्की दुसऱ्या पदार्थाबरोबर आली आणि तिसऱ्या, नाजूक, पेअरच्या वासाच्या व्हिस्कीला त्या धुरातून डोकेच वर काढता आले नाही. माझ्या टेबलावरील सर्वांनी तिला सर्वात कमी गुण दिले. त्या बिचारीचा त्यात काही दोष नव्हता.

दुसरी चूक पदार्थातली होती. एका मांसाच्या पदार्थात मिरची सढळ हाताने घातलेली होती. मिरचीतले कॅप्सेसिन आणि तीव्र मद्यार्क तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या एकाच प्रकारच्या ग्राहींना चेतवतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याची आग वाढते. त्यावर 60 टक्क्यांचा घोट म्हणजे चवीला पूर्णविराम. याउलट निळ्या बुरशीच्या, मऊ, खारट चीजबरोबर लाफ्रॉइग दिली तेव्हा संपूर्ण टेबल शांत झाले. चीजमधल्या स्निग्धतेचा थर जिभेवर बसला, मद्यार्काची धार बोथट झाली आणि धुरामागचा गोडवा पुढे आला. ती जोडी मी पुढे घरीही अनेकदा करून पाहिली आणि एकदाही निराशा झाली नाही. शेवटी गडद चॉकलेट आणि अबुना आली. चॉकलेटचा कडूपणा आणि शेरीचा गोडवा एकमेकांत इतके बेमालूम मिसळले की मतदानाच्या कागदावर मी क्षणाचाही विचार न करता तिला पहिला क्रमांक दिला.

घरी परतल्यावर पुढच्याच आठवड्यात अबुना मी चॉकलेटशिवाय, पाण्यासह, उपाशी जिभेने चाखली. तेव्हा लक्षात आले की कागदावर मी त्या संध्याकाळचा शेवट निवडला होता, व्हिस्की नव्हे. पोट भरलेले, मन प्रसन्न, तोंडात चॉकलेट. अशा वेळी घेतलेला घोट खोटा नसतो, परंतु वर्षभर जवळ ठेवायची बाटली त्याच्या आधारे निवडता येत नाही. तरीही अशा भोजनाला जरूर जावे, कारण निळ्या चीजची ती जोडी मला एकटीला कधीच सुचली नसती. फक्त कागदावर क्रमांकांऐवजी प्रत्येक व्हिस्की पाण्याशिवाय, पाण्यासह आणि पदार्थाबरोबर कशी लागली, हे वेगवेगळे लिहावे.

बाटली अर्धी झाल्यावर आतली हवा काम करू लागते, याचाही अनुभव आला. सहाव्या महिन्यात अमृत आणखी मवाळ झाली, ग्लेनफार्क्लस फारशी बदलली नाही, बुकर्सची धार गेली. एका बाटलीचे बूच उघडताना तुटून निम्मे आत पडले. बाटली आडवी ठेवण्याची चूक मी केली नव्हती, तरीही व्हिस्की गाळून दुसऱ्या बाटलीत भरावी लागली. तेव्हापासून एक सुटे बूच जवळ ठेवते.

आजचा क्रम असा आहे: लाफ्रॉइग, ग्लेनफार्क्लस, अमृत, अबुना, बुकर्स. पहिल्या दोघींत डावे-उजवे करणे अवघड होते. लाफ्रॉइग पुढे गेली ती 12 मिलिलिटर पाण्यामुळे. त्या पाण्याने ती जवळपास 36 टक्क्यांवर आली होती आणि एवढ्या पातळ अवस्थेतही तिच्यात समुद्राचा खारेपणा, विझलेल्या शेकोटीचा वास आणि व्हॅनिलाचा गोडवा असे तिन्ही वेगवेगळे ओळखू येत होते. बाकीच्या चौघींपैकी कोणीही तिथवर टिकली नाही. लाफ्रॉइगच्या प्रत्येक खेपेवर क्रमांक आणि भरल्याचा महिना छापलेला असतो. नव्या खेपेची बाटली आणली आहे. जुनीतले शेवटचे 50 मिलिलिटर एका छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवले आहेत, आणि येत्या रविवारी दोन्ही पेले शेजारी ठेवून, प्रत्येकी 12 मिलिलिटर पाण्यापर्यंत, पाहायचे आहेत.