कॅम्पचा कचरा: इन्सिनरेटर घ्यायचा, ड्रममधे जाळायचा की ट्रकने खाली पाठवायचा?

साईटवाले दोघं-तिघं सारखं हेच विचारतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी दोन सीझन लडाखमधे रस्त्याच्या कामावर कॅम्प ॲडमिन बघायचो. चार हजार मीटरच्या आसपासची उंची, शंभरेक माणसं, एक मेस, एक वर्कशॉप. पहिल्या वर्षी ड्रम होता, दुसऱ्या वर्षी डिझेलवरचा छोटा इन्सिनरेटर (कचरा जाळायची बंद भट्टी) आला, आणि दोन्ही वर्षी थोडाफार माल ट्रकने खाली गेला. म्हणजे तिन्हीचा धूर खाल्लाय म्हणा ना.

ड्रमचं पटकन सांगतो. 200 लिटरचा बॅरल, बुडाला भोकं, खर्च शून्य. कोरडा पुठ्ठा छान जळतो, बाकी सगळं नुसतं धुमसतं. संध्याकाळी वारा फिरला की धूर सरळ मेसच्या तंबूत, आणि आचारी पळी घेऊन बाहेर. गंमत सोडा, पण कमी तापमानाला प्लास्टिक जाळलं, खास करून पीव्हीसी, तर डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मधे उघड्यावर कचरा जाळायला बंदी केलीय, साध्या केसला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये दंड. इराक-अफगाणिस्तानात अमेरिकन सैन्याने वर्षानुवर्षं खड्ड्यात असाच कचरा जाळला, इराकमधल्या बलादच्या तळावरचा खड्डा तर कुप्रसिद्धच, आणि शेवटी आजारी सैनिकांसाठी 2022 मधे त्यांना वेगळा कायदा करावा लागला. त्यामुळे ड्रम माझ्या लेखी बादच.

आता इन्सिनरेटर. हा घेताना एकच गोष्ट आधी बघा, चेंबर किती आहेत. पहिल्या चेंबरमधे कचरा जळतो आणि त्यातून निघालेला धूर दुसऱ्यात परत जाळायचा असतो. जैववैद्यकीय, म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत दुसऱ्या चेंबरला 1050 डिग्री, पन्नास कमी-जास्त, आणि वायू तिथे किमान दोन सेकंद राहायला हवा असं दिलंय. तुमचा कचरा मेसचा असला तरी विक्रेत्याला हाच आकडा विचारा. दुसऱ्या चेंबरला स्वतःचा बर्नर आहे का, तापमान दाखवणारा डिस्प्ले आहे का? "पोर्टेबल" आणि "धूरविरहित" म्हणून काय काय विकतात, त्यात ब्लोअर लावलेला एकाच चेंबरचा डबाही असतो. तो ड्रमचा श्रीमंत भाऊ.

खरी गोम ओल्या कचऱ्यात आहे. उरलेला भात, डाळ, भाजीची सालं यात पाऊण भाग पाणीच असतं. 50 किलो ओला कचरा म्हणजे साधारण 37 लिटर पाणी, त्याची नुसती वाफ करायला हिशोबाने पावणेतीन लिटर डिझेल जातं, आणि ती वाफ पुढे हजार डिग्रीपर्यंत तापणार, भिंती तापणार, धुराड्यातून उष्णता जाणार, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट. आम्ही पहिले पंधरा दिवस सगळं एकत्र कोंबत होतो आणि स्टोअरवाला रोज डिझेलचं रजिस्टर माझ्या नाकासमोर धरायचा. मग सालं वेगळी काढून गावातल्या गाईंना द्यायला लागलो, निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

उंचीचाही त्रास आहे. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेवढाच पंखा कमी ऑक्सिजन देतो, ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते. बर्नर खाली पुण्यात सेट करून आणला असेल तर वर येऊन परत सेट करायला माणूस लागेल, हे करारातच लिहून घ्या. थंडीत साधं डिझेल गोठतं, उणे 33 डिग्रीपर्यंत चालणारं विंटर ग्रेड 2019 पासून लडाखला मिळतं, त्याची सोय आधी लावा.

आणि ऑपरेटर! आमच्याकडे कोणीतरी काचेची बाटली आत टाकली, ती वितळून जाळीवर चिकटली, दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर छिन्नी-हातोड्याने काढत बसलो. त्याच आठवड्यात स्टोव्हचा गॅसचा छोटा डबा आत गेला, दारच उडालं असतं. तेव्हापासून पोतं ओतून हाताने चाळल्याशिवाय आत काही टाकायचं नाही असा नियम झाला. माणूस नसेल तर मशीन शोपीस होतं. अफगाणिस्तानात शरना नावाच्या तळावर अमेरिकेने 54 लाख डॉलरचे इन्सिनरेटर बसवले आणि ते कधी चाललेच नाहीत, त्यांच्याच ऑडिटवाल्यांनी ते बाहेर काढलं.

ट्रकचा पर्याय लोक विसरतात. सिमेंट, रेशन घेऊन वर आलेली गाडी रिकामी उतरते. बाटल्या, पत्र्याचे डबे, पुठ्ठा, वर्कशॉपच्या बॅटऱ्या आणि जुनं ऑइल हे जाळायची गोष्टच नाही, दाबून गोण्यांत भरा आणि पाठवा. ड्रायव्हर कुरकुरतो, चहापाण्याचं बघावं लागतं. अडचण एवढीच की रस्ता बंद झाला की माल साठतो, आणि वास आला की भटकी कुत्री, द्रासकडच्या पट्ट्यात तर अस्वलसुद्धा. साठवायला पत्र्याचा झाकणाचा कंटेनर लागतोच.

मग घ्यायचा का? पन्नासपेक्षा कमी माणसं, आठवड्याला गाडी येते आणि गावात गुरं आहेत, तर नका घेऊ, कंटेनर आणि वजनकाटा घ्या. दीड-दोनशे माणसं, महिनोन्‌महिने रस्ता बंद, सॅनिटरी पॅड, तेलकट चिंध्या, मटणाचा कचरा असेल, तर दोन चेंबरचा जरूर घ्या, पण प्रदूषण नियंत्रणवाल्यांना आधी विचारून. फर्स्ट एड रूमच्या सुया आणि ड्रेसिंग मात्र त्यात टाकू नका, ते अधिकृत केंद्राकडेच जायला हवं. राखही पोत्यात भरून खालीच, नाल्यात नाही.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी सात दिवस कचरा तोला, ओला, कोरडा, जाळण्याजोगा वेगवेगळा. आम्ही तोलला तो मशीन आल्यानंतर. जाळण्याजोगा दिवसाला जेमतेम अकरा किलो भरला, आणि मशीन होतं तासाला पंचवीस किलोचं.