ग्रोव्ह स्ट्रीटवरची दोन बास्क घरं

अमेरिकेत आयडाहो राज्याच्या बॉईसी शहरात ग्रोव्ह स्ट्रीटच्या एकाच भागात बास्क (स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या प्रदेशातले लोक) स्थलांतरितांची दोन जुनी बोर्डिंग हाऊस, म्हणजे पैसे देऊन राहण्या-जेवण्याची घरं, उभी आहेत. वेळ एकाच घरापुरता असेल, तर कोणतं पाहावं?

जेकब्स-उबेरुआगा घर जुनं, १८६४ सालचं. विटांचं हे घर सायरस जेकब्स या व्यापाऱ्यानं स्वतःच्या कुटुंबासाठी बांधलं. बास्क लोक तिथे राहायला आले ते १९१० च्या सुमाराला. आता ते बास्क म्युझियमकडे आहे.

आंदुईसाचं घर मात्र १९१४ मध्ये पाहुण्या बास्कांसाठीच बांधलं गेलं आणि त्याच्या पोटात चक्क चेंडू खेळायचं बंदिस्त मैदान, म्हणजे फ्रोंतोन, आहे! महिनोन्महिने डोंगरात मेंढरांमागे एकट्यानं फिरलेला, इंग्रजी न येणारा बास्क मेंढपाळ हिवाळ्यात शहरात उतरायचा. त्याला खाट आणि जेवण तर हवंच असे, पण आपल्या भाषेतली बडबड आणि आपला खेळही हवा असे. बांधणाऱ्यानं हे ओळखलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. भिंतीवर चेंडू आपटण्याचा आवाज तिथे आजही ऐकू येतो.

घरगुती संसार, स्वयंपाकघर, राहणीमान समजून घ्यायचं तर जेकब्स-उबेरुआगा घरच बरं. पण मला निवडायला सांगाल, तर मी आधी आंदुईसाचा फ्रोंतोन पाहीन.