कॅमेऱ्याचा फ्लॅश गेला: आतला दुरुस्त करावा की बाहेरचा घ्यावा?

भाचीच्या बारशाला ऐन पाळण्याच्या वेळी माझ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडलाच नाही. दुकानदार म्हणाला, अख्खं युनिट बदलावं लागेल. तुमच्यावरही ही वेळ आली असेल तर पैसे मोजण्याआधी हॉट शू, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरची बाहेरचा फ्लॅश बसवायची जागा, नीट बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याच्या खाचेत एक बारीक स्विच असतो. तो दबून अडकला की कॅमेऱ्याला वाटतं वर फ्लॅश लावलाय, मग आतला उघडत नाही. बॅटरी काढून लाकडी टूथपिकने हलकेच सोडवून बघा. माझा काही सुटला नाही.

दुरुस्तीनंतर हातात काय येतं? तोच इवलासा उजेड. कॅनन १५००डीच्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, ९.२ आहे; त्याला लेन्सच्या एफ-आकड्याने भागलं की उजेड किती मीटर पोचतो ते कळतं. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स पूर्ण झूम करून ५५ एमएमवर नेली की एफ/५.६ मिळतं, ९.२ भागिले ५.६, म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १०० ला जेमतेम १.६ मीटर. आयएसओ ४०० केला तर अंतर दुप्पट. शिवाय उजेड थेट तोंडावर: चकाकणारं कपाळ, मागच्या भिंतीवर काळी सावली, लाल डोळे. आणि पैसे वाचवायला घरी स्क्रू काढायला बसू नका. आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३०० व्होल्ट असतात आणि बॅटरी काढली तरी ते टिकून राहतात.

बाहेरच्या फ्लॅशची खरी कमाई ताकद नाही, वळणारी मान आहे. पैठणीवर थेट फ्लॅश मारला की जरीकाम पांढरंफटक पडतं, निऱ्या सपाट दिसतात. तोच उजेड छतावरून आणला की पदरावरचा मोर एकेका धाग्यासकट दिसतो. छत मात्र पांढरं आणि फार उंच नसलेलं हवं; गुलाबी छताखाली सगळे चेहरे गुलाबी येतात.

समारंभात माणसं सतत हलतात, तिथे उजेड आपोआप ठरवणारा टीटीएल फ्लॅश घ्या, उदाहरणार्थ गोडॉक्स टीटी६८५. ताटाचे, दागिन्यांचे फोटो निवांत काढायचे असतील तर मॅन्युअल टीटी६०० पुरतो आणि स्वस्तही पडतो. दोन्हींत चार पेन्सिल सेल लागतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचेच घ्या, फ्लॅश लवकर भरतो.

इथे एक मोठी मेख आहे. कॅनन १५००डी, ३०००डी, २००डी मार्क २ यांच्या हॉट शूत मधली पिनच नसते, त्यामुळे त्या एकाच पिनवर चालणारे साधे फ्लॅश पेटत नाहीत. आपला कॅमेरा दुकानात न्या, लावून बघा, मगच पैसे द्या. वडिलांच्या रोल कॅमेऱ्याचा जुना फ्लॅशही उगाच चढवू नका. त्यातले काही पिनवर २०० व्होल्टहून जास्त सोडतात, डिजिटल कॅमेरा जळू शकतो.

सतत उजेड देणारं एलईडी पॅनेल व्हिडिओला उत्तम, पण धावतं मूल फोटोत स्पष्ट पकडायला कमी पडतं.

मी दुरुस्ती केली नाही, टीटीएल घेतला आणि त्याचं समाधान आहे. तरी दुरुस्तीच योग्य अशीही माणसं आहेत: ज्यांच्या खिशातल्या कॅमेऱ्याला हॉट शूच नाही, ज्यांना प्रवासात पाठीवर ऊन असलेल्या चेहऱ्यावर थोडासाच उजेड हवा असतो, किंवा जे निकॉन डी७५०० सारख्या कॅमेऱ्याच्या आतल्या फ्लॅशने लांब ठेवलेले फ्लॅश पेटवतात.