पोलर बॉडी तपासणी: जर्मनीतील आयव्हीएफ केंद्रांच्या एका सशुल्क सेवेचे परीक्षण

जर्मनीतील काही आयव्हीएफ केंद्रे मूळ उपचारखर्चावर वेगळे शुल्क आकारून पोलर बॉडीची, म्हणजे स्त्रीबीजाने बाहेर टाकलेल्या पेशीची, जनुकीय तपासणी करून देतात. पस्तिशी ओलांडलेल्या किंवा वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांसमोर हा पर्याय ठेवला जातो, आणि नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या मराठी जोडप्यांनाही त्यावर निर्णय घ्यावा लागू शकतो. या सेवेतून नेमके काय हाती लागते, हे पाहणे म्हणून आवश्यक वाटते.

स्त्रीबीज परिपक्व होताना गुणसूत्रांचा अर्धा वाटा एका चिमुकल्या पेशीत घालून बाहेर टाकते आणि शुक्राणू आत शिरल्यावर पुन्हा एकदा तसेच करते. या दोन पेशी म्हणजे पहिली व दुसरी पोलर बॉडी. गर्भाच्या घडणीत त्यांचा वाटा नसतो व कालांतराने त्या विरून जातात, त्यामुळे त्या काढून घेतल्याने गर्भाची स्वतःची एकही पेशी खर्ची पडत नाही. बाहेर काय गेले हे कळले, की आत काय उरले याचा हिशेब मांडता येतो: पोलर बॉडीत २१ वे गुणसूत्र कमी भरले, तर ते बीजात जास्त राहिले असणार. मात्र पहिल्या विभाजनातील चूक दुसऱ्यात कधी कधी भरून निघते, म्हणून दोन्ही पोलर बॉडी तपासल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. शिकागो येथे युरी व्हर्लिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या पद्धतीने आनुवंशिक आजाराचे निदान करता येते हे दाखवून दिले.

जर्मनीत ती रुजली ती मुख्यतः कायद्यामुळे. १९९१ पासून लागू असलेल्या भ्रूणसंरक्षण कायद्यानुसार स्त्री-पुरुषांची केंद्रके एकत्र आल्यानंतरच भ्रूण अस्तित्वात येतो. पोलर बॉडी त्याआधी तपासता येते. २०११ मध्ये गंभीर आनुवंशिक आजारांसाठी भ्रूणतपासणीची वाट उघडली, पण ती नीतिसमितीच्या संमतीतून जाते. स्वित्झर्लंडमध्येही २०१७ पर्यंत भ्रूणतपासणीला मनाई होती. या सेवेची मागणी प्रयोगशाळेपेक्षा संसदेने अधिक वाढवली, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

आता फलनिष्पत्तीकडे वळू. युरोपीय प्रजननवैद्यक संघटनेच्या 'एस्टीम' चाचणीत ३६ ते ४० वयाच्या ३९६ स्त्रिया सहभागी होत्या आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात बाळ होण्याचे प्रमाण तपासणी केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही गटांत २४ टक्के, म्हणजे एकसारखेच निघाले. तपासणी केलेल्या गटात गर्भपात मात्र निम्मे होते, ७ टक्के विरुद्ध १४ टक्के, आणि भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या खेपाही कमी लागल्या. 'यशाची शक्यता वाढवणारी तपासणी' अशी जाहिरात कुणी करत असेल, तर या आकड्यांपुढे ती टिकत नाही. ज्या स्त्रीने एकामागून एक गर्भपात सोसले आहेत, तिला मात्र गर्भपाताचा हा आकडा मोलाचा वाटेल, आणि तसे वाटणे रास्तच आहे.

उणिवा ठळक आहेत. वडिलांकडून आलेला दोष यात दिसत नाही, फलनानंतर पेशीविभाजनात होणाऱ्या चुकाही निसटतात. पुढे जी बीजे आपोआपच वाढायची थांबणार असतात, त्यांच्याही पोलर बॉडी तपासाव्या लागत असल्याने बिल फुगते. शिवाय बीजाच्या कवचाला लेझरने छिद्र पाडावे लागते आणि वेळेचे गणित घट्ट असते, कारण पहिली पोलर बॉडी लवकर विरू लागते. पाच दिवसांच्या भ्रूणाच्या बाह्यस्तरातील काही पेशी काढून केलेली तपासणी आई-वडील दोघांचा वारसा दाखवते, म्हणून जिथे कायदा आड येत नाही तिथे आज तीच चालते.

गंमत अशी, की पोलर बॉडीचा सर्वात भरवशाचा उपयोग वेगळे पैसे न मोजताच होतो. इक्सीच्या, म्हणजे एकच शुक्राणू सुईने बीजात सोडण्याच्या वेळी भ्रूणतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली आधी पोलर बॉडी शोधतात. ती दिसली तरच बीज परिपक्व मानले जाते. मग बीज फिरवून पोलर बॉडी घड्याळातील बारा किंवा सहाच्या जागी आणतात आणि सुई तीनच्या बाजूने आत घालतात, जेणेकरून पोलर बॉडीलगत असणाऱ्या तर्कूला, म्हणजे गुणसूत्रांची विभागणी करणाऱ्या तंतूंच्या जुडग्याला, धक्का लागू नये. दुसऱ्या दिवशी दोन केंद्रके आणि दोन पोलर बॉडी दिसल्या, तर फलन रीतसर झाले असे समजतात.

सशुल्क तपासणी मी सरसकट सुचवणार नाही. आजार आईकडून येणारा असेल, तिच्या जनुकातील बदल नेमका ठाऊक असेल आणि भ्रूणतपासणीचा मार्ग बंद किंवा नकोसा असेल, तर ती उपयोगी ठरते. अप्रकट जनुकांमुळे, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आला तरच, होणाऱ्या थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसारख्या आजारात, आईचे निर्दोष बीज निवडले तर बाळ फार तर वाहक, म्हणजे स्वतः आजारी न होता एक सदोष जनुक बाळगणारे, होईल. गर्भलिंग मात्र यातून कळूच शकत नाही, कारण ते शुक्राणूवर ठरते. केवळ वय वाढले म्हणून ती सुचवली गेली, तर आपली किती बीजे तपासली जातील आणि एकही योग्य न निघाल्यास किती पैसे परत मिळतील, हे केंद्राकडून आधी लेखी घ्यावे.