जमेची बाजू चोख, नावेची कोरी: पाठिंब्याच्या एका तक्त्याविषयी

अमेरिकेतील ‘फाइव्हथर्टीएट’ या संकेतस्थळाचा, अध्यक्षपदाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत) कोणाला कोणाचा जाहीर पाठिंबा आहे हे दाखवणारा तक्ता मी २०१६ आणि २०२० या दोन्ही हंगामांत नेमाने पाहत असे. मार्च २०२५ मध्ये एबीसी न्यूजने ते संकेतस्थळच बंद केले. तरीही या सेवेचे बरेवाईट नोंदवून ठेवावेसे वाटते.

२०१६ मधील हिशेब सुटसुटीत होता: गव्हर्नरच्या पाठिंब्याला १० गुण, सिनेटरच्या ५ आणि प्रतिनिधिगृहाच्या सदस्याच्या पाठिंब्याला १. रिपब्लिकनांत आधी जेब बुश आणि मग मार्को रुबिओ वरचढ दिसत होते, ट्रम्प यांच्या नावापुढे २४ फेब्रुवारीपर्यंत भोपळा होता, आणि उमेदवारी मिळाली ती त्यांनाच. पुढच्या खेपेस पाठिंबा देणाऱ्यांच्या श्रेणी वाढवल्या गेल्या, मांडणीही देखणी झाली. पण २६ फेब्रुवारी २०२० रोजी साउथ कॅरोलायनाचे वजनदार प्रतिनिधी जिम क्लायबर्न यांनी बायडेन यांच्या पाठीशी उभे राहून तीनच दिवसांत तिथल्या प्रायमरीचे वारे कसे फिरवले, हे कोणत्याच श्रेणीत मावणारे नव्हते. तेथील जवळपास निम्म्या मतदारांनी तो पाठिंबा आपल्याला महत्त्वाचा वाटल्याचे मतदानोत्तर पाहणीत सांगितले होते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पाठिंबा घेणाऱ्याच्या खात्यात काय जमा झाले हे तक्ता चोख सांगे, देणाऱ्याच्या खात्यातून पुढे काय वजा झाले याची नोंद मात्र कुठेच नसे. प्रायमरीत ट्रम्प यांच्याकडून हरलेल्या टेड क्रूझ यांनी जुलै २०१६ च्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांना पाठिंबा देणे टाळले, सभागृहाची हुर्यो ओढवून घेतली आणि सप्टेंबरमध्ये निमूटपणे पाठिंबा दिला. न दिलेल्या पाठिंब्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता (आणि राजकारणात तोच बहुधा अधिक बोलका असतो).

जेफ सेशन्स यांचे उदाहरण तर पुरेसे बोचरे आहे. २८ फेब्रुवारी २०१६ रोजी अलाबामातील मॅडिसनच्या सभेत ट्रम्प यांना पाठिंबा देणारे ते पहिले सिनेटर ठरले आणि त्या बळावर ट्रम्प सरकारात अॅटर्नी जनरलही (कायदा खात्याचे प्रमुख) झाले. २०१६ च्या निवडणुकीतील रशियाच्या हस्तक्षेपाविषयीच्या चौकशीतून बाजूला होताच ट्रम्प यांची मर्जी फिरली. २०२० मध्ये जुनी सिनेटची जागा परत मिळवायला ते उतरले, तेव्हा ट्रम्प यांनी त्यांचे पक्षांतर्गत प्रतिस्पर्धी टॉमी ट्यूबरव्हिल यांना पाठिंबा दिला आणि १४ जुलैच्या प्रायमरीच्या फेरलढतीत सेशन्स आपल्याच राज्यात हरले. तक्त्यात त्यांचे ते ५ गुण ट्रम्प यांच्या नावावर तसेच राहिले.